इल्टिस : डकार जिंकलेली, पण कुणाच्याच लक्षात नसलेली गाडी

चाकणकर

नमस्कार मंडळी,

बरीच वर्षं वाचनमात्र होतो, आज पहिल्यांदा धागा काढतोय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मी चाकणला गाड्यांच्या सस्पेन्शनच्या कामात आहे. जानेवारी आला की आमच्या जेवणाच्या टेबलावर डकार रॅलीचा, म्हणजे वाळवंटातून जाणाऱ्या त्या लांबलचक शर्यतीचा, विषय निघतोच. परवा मी सहज विचारलं, फोक्सवॅगननं डकार पहिल्यांदा कधी जिंकली? आठ जण होते. सगळ्यांचं उत्तर एकच : टूअरेग, २००९, डिझेलचा पहिला विजय. नंतर २०१० आणि २०११ पण त्यांचेच, हेही सगळ्यांना पाठ.

उत्तर चुकीचं आहे. फोक्सवॅगननं डकार पहिल्यांदा जिंकली ती १९८० साली. रॅलीचं ते जेमतेम दुसरं वर्ष. गाडीचं नाव इल्टिस. उघडी, कॅनव्हासच्या टपाची, पत्र्याच्या डब्यासारखी लष्करी गाडी. इंजिन १.७ लिटर, मूळ ताकद ७५ अश्वशक्ती. आज आपल्याकडच्या साध्या छोट्या गाडीतही याहून जास्त ताकद मिळते.

१ जानेवारी १९८० ला पॅरिसहून २१६ वाहनं निघाली आणि २३ जानेवारीला डकारला ८१ पोचली. मोटारींत पहिली फ्रेडी कोटुलिन्स्की आणि गेर्ड लोफेलमान यांची इल्टिस. दुसरी पॅट्रिक झानिरोलीची, तीही इल्टिस. चौथी जाँ राग्नोटीची, तीही इल्टिस. आणि नववा नंबर वाचून मी खुर्चीतून उठलो : ती या तिघांच्या मागे सुटे भाग आणि हत्यारं घेऊन धावणारी मदतीची गाडी होती. चालवत होता रोलंड गुम्पर्ट, म्हणजे या मोहिमेची तांत्रिक जबाबदारी ज्याच्यावर होती तो इंजिनिअर.

इल्टिसबद्दल कुठेही शोधलं तर एकच वाक्य सापडतं : 'हिच्यावरून ऑडी क्वाट्रो (चारही चाकांना कायम जोर असलेली मोटार) सुचली.' हे खरं आहे, पण जणू तिनं स्वतः काही केलंच नाही! मला हे फार लागतं. तर प्रश्न असा, की ही एसयूव्ही विसरली का गेली? तुम्हाला काय वाटतं?

ओवी

गाड्यांतलं फारसं कळत नाही, पण नववा नंबर वाचून अंगावर काटा आला. मदतीची गाडी नववी! पुढील लेखनाला शुभेच्छा.

रानवाटा

धागा चांगला आहे, पण दोन गोष्टींवर माझं मत वेगळं आहे.

एक, १९८० ची डकार म्हणजे आजची डकार नव्हे. बहुतेक लोक हौशी होते. कुणी घरची गाडी घेऊन आलेलं, कुणी कर्ज काढून. अशा मैदानात कंपनीच्या पाठबळाचा संघ उतरला तर तो जिंकणारच. इल्टिसचं कौतुक जरूर करा, पण समोर कोण होतं तेही सांगा.

दोन, ही एसयूव्ही कशी? ही तर फौजी गाडी. सामान्य माणसाच्या हाती ती जवळजवळ आलीच नाही.

पाटे_आणि_पाने

रानवाटा, दुसरा मुद्दा आधी घेतो. जीप कुठून आली? लँड रोव्हर कुणी घेतली? मर्सिडीजची जी-वॅगन सुरुवातीला कुणासाठी बनवली होती? या सगळ्या जातीचं मूळ फौजेतच आहे. इल्टिसचं दुर्दैव एवढंच, की तिला पुढे दिवाणखान्यात नेणारा कुणी भेटला नाही.

साधारण साडेनऊ हजार बनल्या, त्यातल्या ८,८०० एकट्या जर्मन सैन्याच्या मागणीच्या. म्हणजे दुर्मीळ आहेच. त्याआधी जर्मनी, फ्रान्स आणि इटली मिळून एक सामाईक 'युरोपा जीप' बनवणार होते. तिघांचं जमता जमेना, वर्षांमागून वर्षं गेली, शेवटी तो बेत बारगळला. जर्मन सैन्याला गाडी तर हवीच होती. मग इंगोलश्टाटला फोक्सवॅगनच्याच घरातल्या ऑडीच्या लोकांनी जुन्या 'मुंगा'चा आराखडा पुढे नेऊन ही बनवली आणि १९७८ पासून ती सैन्यात जायला लागली.

जुना_जोंगा

मुंगा? आमच्या फौजेत जोंगा गाडी होती, त्यांच्याकडे मुंगा होती. बहिणीच म्हणायच्या!

ओवी

मुंगा म्हणजे मुंगूस का?

पाटे_आणि_पाने

ओवी, नाही गं. 'सर्व चाकांना जोर असलेली बहुउपयोगी रानगाडी' अशा लांबलचक जर्मन नावाची आद्याक्षरं आहेत ती. डीकेडब्ल्यू कंपनीची, १९५६ ते १९६८. तीन सिलिंडरचं टू-स्ट्रोक इंजिन! ज्यांनी राजदूत किंवा येझदी चालवली आहे त्यांनी तो आवाज तीनदा मनात आणावा.

पण तुझा नेम अगदीच चुकलेला नाही. 'इल्टिस' हा खरंच एक प्राणी आहे. लांबुळका, बुटका, मुंगसासारखा दिसणारा, घाबरला की दुर्गंधी सोडणारा. जर्मन सैन्यात गाड्यांना जनावरांची नावं द्यायची पद्धतच आहे : लेपर्ड रणगाडा, मार्डर, फुक्स, लुक्स.

ओवी

म्हणजे मुंगाच्या पोटी मुंगूस जन्मलं. आता विसरणार नाही.

आबा_भोसरीकर

आमच्या गल्लीत एकाकडे जोंगा होती. सुरू केली की शेजारच्यांच्या मांडणीवरची भांडी हलायची.

जुना_जोंगा

आबा, काळजाला हात घातलात. थोडं अवांतर लिहितो, चाकणकर माफ करतील.

मी बावीस वर्षं फौजेत काढली, त्यातली बरीच गाड्यांच्या देखभालीत. जोंगा म्हणजे मूळची निस्सान पेट्रोल, पी-६०. जबलपूरच्या वाहन कारखान्यात १९६९ पासून बनायची. नावाची आद्याक्षरं जबलपूरवरूनच आली. इंजिन जवळजवळ चार लिटरचं, सरळ सहा सिलिंडर, पेट्रोलवर चालणारं. पेट्रोल प्यायची, अगदी पाण्यासारखी. पण ओढायला लागली की वाटायचं डोंगर हलवेल. १९९९ पर्यंत बनत होती. मग लिलावात निघाल्या आणि कुठे कुठे पोचल्या, कुणाच्या मळ्यात, कुणाच्या खाणीवर.

आता इल्टिसकडे येतो. चार लिटरची जोंगा आणि १.७ लिटरची इल्टिस, दोघींचं काम एकच. मग एवढ्याशा इंजिनात त्यांनी भागवलं कसं? मला हे समजून घ्यायचंय. फौजेत असताना कुणी सांगितलं असतं की मूळ ७५ अश्वशक्तीची गाडी सहारा पार करून पहिली आली, तर मी पैज लावून हरलो असतो.

कातळशिल्प

धोनीनं २०१९ मध्ये जोंगाच घेतली होती ना? रांचीतले फोटो पाहिले होते.

जुना_जोंगा

हो, तीच.

चाकणकर

कॅप्टनसाहेब (असं म्हटलं तर चालेल ना?), तुमच्या प्रश्नात सगळा गाभा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

वाळूत ताकदीपेक्षा वजन महत्त्वाचं. कोकणात पुळणीवर ज्यांची गाडी रुतली आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. जड गाडी आधी स्वतःला पुरते, मग इंजिन कितीही ओरडलं तरी चाक खड्डाच करतं. इल्टिस होती साधारण दीड टनाची. त्यात चारही चाकांना जोर, आणि पुढचं-मागचं डिफरन्शियल (डाव्या-उजव्या चाकांत जोर वाटणारा दात्यांचा संच) लॉक करायची सोय. म्हणजे एक चाक हवेत असलं तरी दुसरं ओढतं.

माझा खरा जीव मात्र सस्पेन्शनमध्ये अडकलाय. त्या काळच्या बहुतेक रानगाड्यांना पुढे-मागे अखंड आस आणि गाडीच्या लांबीत बसवलेले पाटे (पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) असायचे. आपल्या जुन्या जीपसारखे. एक चाक दगडावर चढलं की त्याच आसावरचं दुसरं चाकही तिरकं होतं. इल्टिसची चारही चाकं स्वतंत्र, आणि पाटे आडवे बसवलेले, डाव्या चाकापासून उजव्या चाकापर्यंत. शिवाय डिफरन्शियल अंगाला घट्ट बांधलेलं, चाकाबरोबर उड्या मारत नाही. वेगात खडबडीवरून जाताना चाक जमिनीला चिकटून राहतं, आणि ज्याला रोज शेकडो किलोमीटर कापायचेत त्याच्या पाठीचे मणके शाबूत राहतात.

सहारात नुसती वाळू नसते. मैलोन्मैल दगडगोटे, पत्र्याच्या पन्हाळीसारखे खळगे पडलेले रस्ते. तिथे गाडी ताकदीवर नाही, टिकाऊपणावर पुढे राहते.

रानवाटा

हे पटलं. मी जैसलमेरजवळ समच्या टेकड्यांवर गाडी घातली आहे. टायरमधली हवा निम्म्यावर आणली नाही तर पन्नास फूटही जाता येत नाही. माझ्या पुढची मोठी, ताकदवान गाडी माथ्यावर पोटावर बसली, आणि एक साधी जिप्सी तिच्या शेजारून निघून गेली. जिप्सीवाला हात हलवत गेला, तो हात अजून डोळ्यांसमोर आहे.

पण पहिला मुद्दा सोडत नाही. समोर कोण होतं?

झुंजार_टायर

रानवाटा, समोर रेंज रोव्हर होत्या, साडेतीन लिटरच्या व्ही-८ इंजिनाच्या. आदल्या वर्षी म्हणजे १९७९ ला मोटारींत पहिली रेंज रोव्हरच होती. टोयोटाच्या लँड क्रूझर होत्या. त्यामुळे मैदान रिकामं होतं असं म्हणता येणार नाही.

आणि तिसरा कोण आला माहितीये? क्लोद आणि बर्नार मारो हे दोघे भाऊ. गाडी रेनो ४! हो, तीच खोक्यासारखी छोटी घरगुती गाडी, फक्त चारही चाकांना जोर दिलेली. पुढे १९८२ ला याच भावांनी रेनो २० घेऊन डकार जिंकली. त्यांना 'वाळवंटातले कोल्हे' म्हणायचे. माझ्या मते त्या वर्षीचा सगळ्यात मोठा पराक्रम इल्टिसचा नाही, मारो बंधूंचा आहे.

आबा_भोसरीकर

दोघे सख्खे भाऊ तीन आठवडे एका गाडीत, आणि न भांडता? पराक्रम तर आहेच!

मृण्मयी_इंगोलश्टाट

धागा आधीच पाहायला हवा होता. मी इंगोलश्टाटला सहा वर्षं राहतेय. नवऱ्याची नोकरी इथे, माझीही इथेच.

इथे जुने लोक इल्टिसबद्दल बोलतात ते मात्र क्वाट्रोच्याच संदर्भात, हे चाकणकरांचं निरीक्षण अगदी बरोबर. ती गोष्ट पूर्ण सांगते, कारण अर्धीच सांगितली जाते.

१९७६-७७ च्या हिवाळ्यात ऑडीचे लोक फिनलंडमध्ये बर्फावर चाचण्या घेत होते. बरोबर इल्टिसही होती. योर्ग बेन्सिंगर नावाच्या चाचणी-अभियंत्याच्या लक्षात आलं, की ही ७५ अश्वशक्तीची टपरी दुप्पट ताकदीच्या, पुढच्या चाकांच्या ऑडींना बर्फात मागे टाकतेय. त्यानं परत येऊन ऑडीचे तांत्रिक प्रमुख फेर्डिनांड पिएच यांना सांगितलं, की हीच युक्ती साध्या मोटारीत घालू या. पहिली प्रयोगी गाडी ऑडी ८० च्या अंगात इल्टिसचे भाग बसवूनच बनवली होती. जानेवारी १९७८ मध्ये ती ऑस्ट्रियात तुराखर होहेचा २३ टक्के चढ बर्फात, साध्या उन्हाळी टायरांवर चढून गेली.

फरक एवढाच, की इल्टिसमध्ये पुढच्या चाकांचा जोर गरजेप्रमाणे जोडायचा-सोडायचा. क्वाट्रोत तो कायमचा झाला, मध्ये डिफरन्शियल आलं, आणि पोकळ शाफ्टच्या कल्पनेमुळे सगळं थोड्या जागेत बसलं.

आता तारखा बघा. इल्टिस डकारला पोचली २३ जानेवारी १९८० ला. क्वाट्रो जिनिव्हाच्या प्रदर्शनात दाखवली ३ मार्च १९८० ला. मधे फक्त चाळीस दिवस! विजयाच्या बातमीची शाई वाळते न वाळते तोच धाकटी मांडवात येऊन उभी राहिली, आणि सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. विसरण्याचं मोठं कारण मला हेच वाटतं.

चाकणकर

मृण्मयीताई, चाळीस दिवसांचा हिशोब माझ्या डोक्यात कधीच आला नव्हता. _/\_

त्यात अजून एक भर. गाडी बनवली ऑडीच्या लोकांनी, नाकावर चिन्ह फोक्सवॅगनचं. ऑडीनं विजय सांगायचा तर चिन्ह दुसऱ्याचं, फोक्सवॅगननं सांगायचा तर कष्ट दुसऱ्याचे. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी, तसं झालं तिचं.

झुंजार_टायर

क्या बात! म्हण चपखल बसली.

आणि त्या संघातली माणसं पुढे काय झाली ते पाहा. दुसरा आलेला झानिरोली १९८५ ला डकार जिंकला. कशात? पजेरोत. मित्सुबिशीचा तो पहिला विजय, पुढे एकूण बारा झाले. म्हणजे आपण ज्या पजेरोचे गोडवे गातो तिला पहिला विजय देणारा माणूस इल्टिसमध्ये तयार झाला होता.

गुम्पर्ट पुढे ऑडीच्या रॅली विभागाचा प्रमुख झाला. १९८२ आणि १९८४ ची कंपन्यांची जागतिक विजेतेपदं त्याच्याच काळातली. १९८१ ला इटलीतल्या सानरेमोत मिशेल मूतोननं क्वाट्रोतून जागतिक रॅली जिंकली, स्त्रीनं अशी रॅली जिंकण्याची ती पहिलीच वेळ. हा सगळा संघ सहारातल्या त्या तीन आठवड्यांनंतरचा आहे. लांबच्या शर्यतीत सुटे भाग कुठे ठेवायचे, रात्रीत गाडी कशी उभी करायची, हे ज्यानं स्वतः नववा नंबर काढत शिकून घेतलं, त्याला पुढे काय अवघड वाटणार?

ओवी

आणि पहिले आलेले कोटुलिन्स्की? त्यांचं काय झालं?

कातळशिल्प

ओवी, मी यावर थोडं वाचलंय. जन्म म्युनिकचा, १९३२ चा, सरदार घराण्यातले. आयुष्य बरंचसं स्वीडनमध्ये गेलं. मुळात ते डांबरी ट्रॅकवरच्या शर्यतींचे चालक, फॉर्म्युला थ्री वगैरे. डकार जिंकली तेव्हा वय ४७. आपल्याकडे त्या वयात लोक 'आता गुडघे दुखतात' म्हणायला लागतात.

मुलगी सुझान रॅलीत उतरली. आणि नात मिकाएला ओलिन-कोटुलिन्स्की हिनं २०२३ ला 'एक्स्ट्रीम ई' ही विजेवरच्या रानगाड्यांची मालिका जिंकली, योहान क्रिस्टोफरसनच्या जोडीनं. आजोबा उघड्या लष्करी गाडीत, नात विजेच्या गाडीत, आणि दोघांच्याही चाकांखाली वाळू.

ओवी

हे तर कुठल्याही बक्षिसापेक्षा मोठं आहे. थँक्यू कातळशिल्प.

टोरंटोची_काकू

मी या विषयावर कधी लिहीन असं वाटलं नव्हतं. पण इल्टिस आमच्या कॅनडातही होती. बॉम्बार्डिए कंपनीनं परवाना घेऊन क्यूबेकमध्ये बनवली, कॅनडाच्या सैन्यासाठी आणि बेल्जियमसाठी.

इथे तिची आठवण कडू आहे. ऑक्टोबर २००३ मध्ये काबूलजवळ गस्तीवर असताना एक इल्टिस सुरुंगावर गेली आणि दोन सैनिक गेले. गाडीला चिलखत नव्हतंच. ती त्यासाठी बनलेलीच नव्हती. देशभर संताप झाला आणि तिच्या जागी जी-वॅगन आणल्या. आमच्या रस्त्यावरच्या एका घरातला मुलगा तेव्हा तिकडेच होता. तो सुखरूप आला, पण ते महिने त्याच्या आईनं कसे काढले ते मी पाहिलंय.

तुमचा धागा मोडायचा नाही. पण विसरण्याच्या कारणांत हेही धरा. इथल्या लोकांना इल्टिस म्हटलं की डकार आठवत नाही, काबूल आठवतं.

जुना_जोंगा

काकू, लिहिलंत ते बरं केलंत. पंचवीस वर्षांपूर्वीची उघडी गाडी सुरुंगाच्या मुलखात पाठवली, यात गाडीचा दोष नाही. पण त्या दोन घरांना हे कोण सांगणार?

चाकणकर

काकू, हे मला माहीत नव्हतं. धाग्यात ते असायलाच हवं होतं.

रानवाटा

आता माझं मत बदललंय, ते जाहीर करतो. समोरचे हौशी होते, हे खरं. पण होकायंत्र आणि हातातल्या वहीवर अल्जीरिया, माली, अप्पर व्होल्टा (आजचं बुर्किना फासो) ओलांडून सेनेगलपर्यंत जायचं, उपग्रहाची मदत नाही, तिथे पैशानं रस्ता विकत घेता येत नाही. रॅली ज्यानं सुरू केली तो थिएरी साबीन स्वतः १९७७ मध्ये मोटारसायकलवर लिबियाच्या वाळवंटात हरवला होता, त्यातूनच त्याला ही कल्पना सुचली. अशा वाटेवर चार गाड्या पाठवून चौघींनी पहिल्या नवात येणं हा योगायोग नाही. एक आली असती तर मी नशीब म्हणालो असतो.

आबा_भोसरीकर

रानवाटांनी मत बदललं! ही तारीख लिहून ठेवा रे कुणी.

पाटे_आणि_पाने

मृण्मयीताई, एक विनंती. तुमच्याकडे जुन्या गाड्यांचे मेळावे भरत असतील. एखादी इल्टिस दिसली तर तिच्याखाली वाकून बघाल का? आडवा पाटा पुढे आणि मागे दोन्हीकडे डोळ्यांनी दिसतो का, आणि तो डिफरन्शियलच्या वर बसतो की खाली? चित्रं पाहिलीत, पण आपल्या माणसानं डोळ्यांनी पाहून सांगितलेलं वेगळं.

मृण्मयी_इंगोलश्टाट

बघते. पुढच्या रविवारी जवळच्या एका गावात मेळावा आहे.

सह्यपुत्र

संपूर्ण धागा एका दमात वाचला. डकारबद्दल बोलताय म्हणून आठवलं, आपल्या पुण्याचे संजय टकले २०२५ ला 'डकार क्लासिक'मध्ये जुनी लँड क्रूझर घेऊन उतरले होते. जुन्या काळच्या गाड्यांसाठी २०२१ पासून हा वेगळा गट सुरू झालाय. वेगापेक्षा ठरलेली सरासरी राखण्याला तिथे महत्त्व. मग आता सौदी अरेबियाच्या वाळूत एखादी इल्टिस पुन्हा उतरायला काय हरकत आहे?

चाकणकर

सह्यपुत्र, हा विचार मनात आल्यापासून मला झोप नाही. टकल्यांसारखा अनुभवी माणूस आणि इल्टिस... नुसतं लिहितानाही छाती भरून येते.

झुंजार_टायर

आणि मदतीची गाडी म्हणून जोंगा पाठवा. नववा नंबर नक्की.

जुना_जोंगा

पेट्रोलचा टँकर मागून द्याल तर मी स्वतः चालवतो!

मृण्मयी_इंगोलश्टाट

मंडळी, रविवारी जाऊन आले. इल्टिस होती! सैन्याच्या हिरव्या रंगातली, कॅनव्हास थोडा फाटलेला, पण बाकी धडधाकट. पहिली गोष्ट म्हणजे ती केवढीशी आहे! फोटोत मोठी वाटते. मी पाच फूट दोन इंच, आणि मला तिच्या बॉनेटवरून पलीकडचं सगळं दिसत होतं.

मालक सत्तरीतले आजोबा. मी सरळ गवतावर चटई टाकून खाली गेले. पाटे_आणि_पाने, तुमची दोन्ही उत्तरं : आडवा पाटा पुढेही आहे आणि मागेही. आणि तो डिफरन्शियलच्या वरून जातो, एका चाकाच्या बाजूपासून दुसऱ्या चाकाच्या बाजूपर्यंत, धनुष्य पालथं घातल्यासारखा. खाली दोन्ही बाजूंना हात आणि चाकाकडे जाणारे शाफ्ट, टोकांना रबरी टोप्या. पोटाखाली लोंबणारं काही नाही, सगळं वर ओढून घेतलेलं. मला सस्पेन्शनमधलं कळत नाही, पण आपल्या गावच्या जीपच्या पोटाखाली जे दिसतं त्याहून हे फारच नीटनेटकं होतं.

मी बाहेर आले तेव्हा आजोबा शेजारी उभे. म्हणाले, माझ्याकडे लोक येतात, फोटो काढतात, क्वाट्रोबद्दल विचारतात. तुम्ही पहिल्या, ज्या आधी खाली शिरलात. मी त्यांना सगळा धागा सांगितला : चाकण, जोंगा, मुंगूस, चाळीस दिवस, सगळं. नवव्या नंबरची गोष्ट त्यांना माहीत होती. त्यांनी बोट वर करून फक्त 'गुम्पर्ट!' म्हटलं आणि हसले.

मग लेकाला चालकाच्या जागी बसवलं. त्याचे पाय पेडलपर्यंत पोचत नव्हते. आजोबांनी विचारलं, याला तुमच्या भाषेत काय म्हणतात, तो खालचा भाग? मी सांगितलं. चार-पाच वेळा म्हणवून घेतलं तेव्हा कुठे जमलं त्यांना : आडवा पाटा. 'ड' काही नीट येत नाही, पण निरोप घेताना लेकाकडे बघून त्यांनी तोच शब्द म्हटला.

पाटे_आणि_पाने

ताई, काय बोलू. वरून जातो म्हणजे मी चित्रावरून काढलेला अंदाज बरोबर होता. उद्या वर्कशॉपमध्ये सगळ्यांना हा प्रतिसाद वाचून दाखवणार आहे.

ओवी

बॉनेटवरून पलीकडचं दिसतं? एवढीशी गाडी डकारला गेली? ताई, फोटो टाका ना!

चाकणकर

फोटो हवाच, लेकासकट. आणि ताई, पुढच्या वेळी आजोबा भेटले तर एवढं विचारा : डिफरन्शियल लॉक लावायला अजून हात सहज जातो का, की जोर लावावा लागतो?